वळणाचा संकेत आणि धोक्याचा संकेत



आयुष्यभर व्याकरण शिकविलेल्या माणसाने मोटारीच्या वायरिंगवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु संकेत आणि त्याचा अर्थ यांचा संबंध हा भाषाभ्यासाचा पहिला पाठ आहे. आणि मोटारीचे इंडिकेटर ही रस्त्यावर बोलली जाणारी एक भाषाच आहे. येथील उद्यमबागेत कारखाना चालविणाऱ्या आपल्या काही माजी विद्यार्थ्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक जीप सांगाड्यापासून पुन्हा उभी केली. त्या जीपला मुळात इंडिकेटर नव्हते आणि तिची विद्युतव्यवस्था 6 व्होल्टची होती. ती 12 व्होल्टची करून दिवे नव्याने बसवावयाचे होते. ते काम मी शेजारी बसून पाहिले, शंका विचारल्या. जे उमगले ते आपणांपुढे ठेवतो.

प्रारंभी वळण्याची खूण चालक हातानेच करीत असे. पुढे गाडीच्या खांबातून बाहेर येणारा लहानसा प्रकाशित हात आला. जुन्या मॉरिस मायनर गाड्यांत आपल्यापैकी वयस्करांनी तो पाहिला असेल. अमेरिकेतील ब्यूक कंपनीने 1939 मध्ये लुकलुकणारे दिवे कारखान्यातूनच बसवून दिले. आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 121 वे कलमही उजव्या बाजूस स्टिअरिंग असलेल्या गाडीत हाताऐवजी यांत्रिक वा विद्युत साधनाने खूण करण्यास मुभा देते. म्हणजे हा दिवा चालकाच्या हाताचा प्रतिनिधी होय.

त्याची रचना सोपी आहे. बॅटरीतून निघालेला प्रवाह किल्लीच्या स्विचमधून व फ्यूजमधून फ्लॅशरकडे जातो; तेथून स्टिअरिंगजवळच्या दांडीकडे, आणि दांडी ज्या बाजूस वळवावी त्या बाजूच्या पुढच्या-मागच्या दिव्यांकडे. जुन्या पद्धतीच्या फ्लॅशरमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते. प्रवाहाने ती तापते, वाकते व जोड तोडते. निवली की पुन्हा जोडते. हीच दिव्याची उघडझाप. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती मिनिटाला 60 ते 120 वेळा व्हावी लागते. एखादा बल्ब गेला की प्रवाह घटतो आणि लय बिघडते; ती बिघडलेली लय हीच चालकाला सूचना असते. प्रवाह अत्यल्प घेणारे एलईडी दिवे बसविले, तर जुना फ्लॅशर नीट चालत नाही. त्यांच्यासाठी वेगळा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा लागतो.

खरी परीक्षा आहे ती चारही दिवे एकदम लुकलुकविण्याची. गाडी बंद पडली, किल्ली काढलेली आहे, तरी हा संकेत चालला पाहिजे. म्हणून त्याची तार किल्लीच्या स्विचला वळसा घालून, स्वतंत्र फ्यूजमधून, थेट बॅटरीकडून आणतात. गणित असे : 21 वॅटचा एक बल्ब 12 व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो. वळताना दोन बल्बांचे साडेतीन, तर चारांचे सात अँपिअर होतात. फ्लॅशर, तार व फ्यूज हे सात अँपिअरांच्या हिशेबाने निवडावे लागतात.

येथे नवखा कारागीर एक सोपा मार्ग शोधतो. फ्लॅशरपासून एक तार घेऊन तो ती दोन्ही बाजूंना जोडतो आणि मध्ये एकच साधे बटण ठेवतो. बटण बंद असले तरी डावी व उजवी बाजू त्या जोडातून एकमेकींना चिकटलेल्याच राहतात. दांडी डावीकडे वळविली तरी चारही दिवे लुकलुकतात. म्हणून असे बटण हवे, की जे चालू केल्यावर दोन्ही बाजूंना फ्लॅशरशी जोडील आणि बंद केल्यावर त्यांना परस्परांपासून पूर्ण विलग ठेवील. डॅशबोर्डवरील खुणेचा दिवा एकच असून तो डाव्या-उजव्या तारांच्या मध्ये जोडलेला असेल, तर चारही दिवे चालू असताना त्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब मिळून तो पेटत नाही. दोन बाजूंना दोन वेगळे दिवे दिले, की हा प्रश्न मिटतो.

आणखी एक गोष्ट. प्रवाहाला परतीची वाट गाडीच्या लोखंडी अंगातून मिळते. कारागीर तिला 'अर्थ' म्हणतात. रंग वा गंज खरवडून ती जागा स्वच्छ केली नाही, तर दिवा मिणमिणतो, किंवा प्रवाह भलत्याच दिव्यातून वाट काढतो. अर्थ पक्का नसेल तर संकेत चुकतो, हे वाक्य मला वर्गातही शिकविता आले असते!

इतक्या कष्टाने कारागीर दोन संकेत वेगळे राखतो. 'मी वळत आहे' हा एक. 'मी येथे अडून आहे, जपून या' हा दुसरा. आपण मात्र दुसऱ्याला 'पार्किंग लाइट' असे चुकीचे नाव दिले आणि नावाबरोबर उपयोगही बिघडविला. चौकात सरळ जावयाचे म्हणून पुष्कळ जण चारही दिवे लावतात. डाव्या रस्त्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सायकलस्वाराला त्यांपैकी केवळ डाव्या बाजूचेच दिवे दिसतात. गाडी वळणार असे समजून तो पुढे सरतो, आणि गाडी सरळ येते. चोर्ला घाटात पावसाळी धुके उतरले की चालत्या गाड्यांचे चारही दिवे लुकलुकू लागतात. पुढची गाडी थांबली आहे की चालली आहे, हे मागच्याला कळत नाही; आणि बहुतेक गाड्यांत ते बटण चालू असताना वळणाची खूण करताच येत नाही. धुक्यात साधे दिवे लावून सावकाश जावे. थांबावे लागले तरच चारही दिवे लावावेत.

शब्दाचा सैल वापर केला तर वाक्य बिघडते; ते दुरुस्त करता येते. रस्त्यावरील संकेताचा सैल वापर केला, तर दुरुस्तीला अवसर मिळेलच असे नाही. वाहन चालविणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.