कुंभकोणमची सभा आणि दूरच्या भागधारकाचे मत

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे 1904 मध्ये ‘कुंभकोणम बँक लिमिटेड’ या नावाने स्थापन झालेल्या आणि 1987 पासून सिटी युनियन बँक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बँकेचे नोंदणीकृत कार्यालय आजही त्याच गावात आहे. कंपनी कायदा, 2013 नुसार वार्षिक सर्वसाधारण सभा नोंदणीकृत कार्यालयात किंवा ते ज्या गावी असेल तेथेच घ्यावयाची असल्याने पुण्या-नागपूरच्या भागधारकाला मतदानाची सोय हवी होती, आणि ती या कायद्याच्या कलम 105 मधील प्रतिपत्रीने, म्हणजे प्रॉक्सीने, करून दिली.

प्रतिपत्री ही भागधारकाने आपल्या वतीने सभेस हजर राहण्यासाठी लेखी नेमलेली व्यक्ती असून ती स्वतः भागधारक असण्याची गरज नसते. सही केलेला अर्ज सभेच्या 48 तास आधी कंपनीकडे पोहोचला की नेमणूक ग्राह्य ठरते. मात्र तिला सभेत बोलता येत नाही आणि हात वर करून होणाऱ्या मतदानात भागही घेता येत नाही. ज्याचे जितके भाग तितकी मते, अशी मोजणी होते त्या ‘पोल’मध्येच तिचे मत धरले जाते. काही थोड्या लोकांनी अर्ज गोळा करून सभा ताब्यात घेऊ नये म्हणून एका व्यक्तीला 50 हून अधिक सदस्यांची प्रतिपत्री होता येत नाही, आणि जमा झालेले अर्ज आगाऊ लेखी सूचना देऊन तपासण्याचा हक्क मतदार सदस्यांना असतो. हा तपासणीचा हक्क फार थोडे भागधारक वापरतात, ही खेदाची गोष्ट आहे.

महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थेच्या सभासदाला मात्र ही वाट बंद आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार प्रत्येक सभासदाला एकच मत असते आणि ते त्याने स्वतःच द्यावयाचे असते. कंपनीत मत भांडवलामागे जाते, म्हणून ते दुसऱ्याकडे सोपवता येते. सहकारात ते माणसाला मिळालेले असते, घर मोठे असो वा लहान. अमेरिकेतील घरमालक संघांत प्रतिपत्रीची मुभा पुष्कळ ठिकाणी असते, कारण तिच्यावाचून गणपूर्तीच होत नाही. गणपूर्तीची ही अडचण इकडेही आहे, तरी शेजाऱ्यांच्या कोऱ्या सह्यांवर निर्णय होण्यापेक्षा स्वतःच मत देण्याच्या या नियमाचा कडकपणा अधिक न्याय्य वाटतो.

2020 पासून केंद्र सरकारच्या परिपत्रकांनी दूरदृश्य माध्यमातून सभा घेण्यास परवानगी दिली. अशा सभेत प्रतिपत्री नेमण्याची सोय ठेवावी लागत नाही, कारण भागधारक घरबसल्या ई-मतदान करतो आणि प्रतिपत्रीला जे कधीच करता आले नाही ते करू शकतो, म्हणजे थेट प्रश्न विचारू शकतो.