एक चूल, वेगळ्या ट्रंका

मार्चमधल्या एका रविवारी सांगलीहून सासूबाईंचा फोन आला. नेहमीची विचारपूस झाली आणि मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "अगं, ह्यांचा तो चकलीचा व्हिडिओ माझ्या फोनवर दिसेनासा झालाय. माझ्याकडून काही दाबलं गेलं का?"

तो व्हिडिओ आम्हा सगळ्यांना पाठ आहे. आई सोऱ्यातून चकल्या पाडताहेत आणि फोन हातात धरलेले बाबा म्हणताहेत, "जरा इकडे बघ की!" बाबा त्यात कुठेच दिसत नाहीत, फक्त त्यांचा आवाज आहे. ती त्यांची शेवटची दिवाळी.

आईंनी काहीच दाबलं नव्हतं. दाबलं होतं ते माझ्या नवऱ्याने, इथे न्यू जर्सीत सोफ्यावर बसून. फोनमधली जागा संपली म्हणून त्याने मोठेमोठे व्हिडिओ एका फटक्यात काढून टाकले होते.

इथे पुसलेला व्हिडिओ सांगलीतून कसा गेला? कारण होता आमचाच शहाणपणा. काही वर्षांपूर्वी आमचा जुना आयफोन आईबाबांना दिला, तेव्हा "त्यांना कशाला आणखी एक पासवर्ड?" म्हणून त्यात नवऱ्याचंच खातं चालू ठेवलं. आम्ही विकत घेतलेली ॲप्स त्यांना आयती मिळाली. पण खातं एक म्हणजे फोटोंचं कपाटही एकच. एकाने काढलं की सगळ्यांचंच जातं. फोन नंबरांची यादीही एकच. आईंच्या यादीत आमचा इथला डेंटिस्ट आणि नवऱ्याच्या यादीत सांगलीचा दूधवाला! आम्ही त्यावर हसायचो.

नशीब, पुसलेले फोटो आणि व्हिडिओ 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये 30 दिवस राहतात. व्हिडिओ तिथे सापडला तेव्हा 6 दिवस उरले होते. नवऱ्याने आईंना सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मला वाटलं, हा फोन माझा आहे."

शाळेत शिकवत होते तेव्हा मुलांना रोज सांगायचे, वाटून घ्या. काय वाटायचं नसतं, हे सांगायचं राहूनच गेलं. माझ्या आजोळी चूल एक होती, पण प्रत्येक सुनेची ट्रंक वेगळी आणि किल्ली जिची तिच्याकडे. फोनचंही तेच: खरेदी वाटावी, खातं वाटू नये.

त्यासाठी सोय आहे. ॲपलचं 'फॅमिली शेअरिंग' 2014 पासून आहे. त्यात 6 जणांपर्यंतचं कुटुंब करता येतं. खातं ज्याचं त्याचं, पण विकत घेतलेली ॲप्स, पुस्तकं आणि आयक्लाउडची वाढीव जागा सगळ्यांची. बिल मात्र कुटुंबप्रमुखाच्या कार्डावर येऊ शकतं! आमची लेक 11 वर्षांची आहे. तिला काही घ्यायचं असलं की 'आस्क टू बाय'मुळे आधी माझ्या फोनवर विचारणा येते. ॲपच्या आत केलेली खरेदी मात्र सगळ्यांना मिळतेच असं नाही. अँड्रॉइडवाल्यांसाठी गूगलचा 'फॅमिली ग्रुप' आहे, त्यातही 6 जणच.

आपली परदेशस्थांची अडचण वेगळी. खरेदी वाटायची तर सगळ्यांची खाती एकाच देशातली लागतात. सांगलीतल्या आई आमच्या या कुटुंबात बसत नाहीत.

जूनअखेरीस शाळेला सुट्टी लागल्यावर आम्ही सांगलीला गेलो. आधी सगळे फोटो आणि व्हिडिओ हार्ड डिस्कवर उतरवले. मग आईंच्या नंबरवर त्यांचं स्वतःचं खातं उघडलं, बाबांचे व्हिडिओ त्यात घातले. नातीचे फोटो दिसावेत म्हणून 'शेअर्ड अल्बम' केला. त्याला देशाची अट नाही. शेवटी आईंनी 'लेगसी कॉन्टॅक्ट' म्हणून मुलाचं नाव घातलं. ही सोय 2021 च्या डिसेंबरात आली. माणूस गेल्यावर मृत्यूचा दाखला आणि आधी दिलेली 'ॲक्सेस की' दाखवली की वारसाला फोटो आणि मेसेज मिळतात. विकत घेतलेले सिनेमे, गाणी, पुस्तकं मात्र मिळत नाहीत. म्हणजे जपायचे ते फोटो आणि आवाजच.

या दिवाळीत घरी फोन कराल तेव्हा फराळाची चौकशी झाल्यावर आणखी एक विचारा: तुमच्या फोनमध्ये खातं कोणाचं आहे? उत्तर "तुझंच की!" असं आलं, तर काही पुसण्याआधी फोटो उतरवून घ्या.

आईंनी पासवर्ड स्वतः ठरवला. मुलाने विचारला, तर हसल्या. एका वहीत लिहिला आणि वही त्यांच्या लग्नातल्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं.