कल्पना आणि बालपणीच्या खोट्या आठवणी

बालपणी न घडलेल्या प्रसंगाची कल्पना केल्यानंतर तो खरोखर घडला असावा, असा विश्वास वाढू लागतो. या परिणामास मानसशास्त्रात ‘इमॅजिनेशन इन्फ्लेशन’ असे म्हणतात. अशी आठवण सांगणारी व्यक्ती खोटे बोलत नसते. तिला ती आठवण खरीच वाटत असते.

पियाजे यांचे उदाहरण

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांना ते दोन वर्षांचे असताना पॅरिसमध्ये झालेला आपल्या अपहरणाचा प्रयत्न स्पष्टपणे ‘आठवत’ असे. पियाजे सुमारे १५ वर्षांचे असताना त्यांना सांभाळणाऱ्या दाईने ती हकिकत आपण रचल्याची कबुली दिली व बक्षीस मिळालेले घड्याळ परत केले. लहानपणी घरात ऐकलेल्या कथेतूनच ते दृश्य आपल्या मनात तयार झाले असावे, असा निष्कर्ष पियाजे यांनी काढला.

प्रयोग

१९९६ साली मेरीॲन गॅरी, एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी या परिणामावर प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागींनी प्रथम बालपणीच्या ४० संभाव्य घटनांबद्दल आपली खात्री नोंदवली. दोन आठवड्यांनी त्यांना त्यांपैकी काही घटनांची थोडा वेळ कल्पना करण्यास सांगून पुन्हा तीच नोंद घेतली. हाताने खिडकीची काच फुटल्याची कल्पना केलेल्यांपैकी २४ टक्के लोकांची खात्री वाढली. कल्पना न केलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते.

कारणे

स्मृती म्हणजे जशीच्या तशी साठवलेली नोंद नव्हे. आठवताना ती दरवेळी नव्याने जुळवली जाते. कल्पनेमुळे प्रसंगाला स्थळ, चेहरे व आवाज असे तपशील मिळतात आणि तो ओळखीचा वाटू लागतो. पुढे हे तपशील अनुभवातून आले की कल्पनेतून, याचा उगम ओळखण्यात मनाची गल्लत होते.

मर्यादा आणि महत्त्व

खात्री वाढणे म्हणजे संपूर्ण खोटी आठवण तयार होणे नव्हे. दुसऱ्या नोंदीत टोकाची उत्तरे मध्याकडे सरकतात, त्यामुळे हा परिणाम अंशतः सांख्यिकीय असू शकतो, असा आक्षेपही घेण्यात आला आहे. तरीही मानसोपचारात किंवा पोलीस तपासात ‘असे घडले असेल अशी कल्पना करा’ असे सुचवणे धोक्याचे ठरते, कारण त्यातून निरपराध व्यक्तीवर आरोप येऊ शकतो. याचा अर्थ बालपणीच्या अत्याचारांच्या आठवणी खोट्या असतात असा नाही. आठवण किती ठळक आहे, एवढ्यावरून तिचा खरेखोटेपणा ठरत नाही. त्यासाठी स्वतंत्र पुरावा आवश्यक असतो.