गळक्या मॅगझिनांचा सोमवार

सकाळी 9 : इंग्लंडात एअरसॉफ्टचे सामने बहुतेक रविवारी होतात, त्यामुळे सोमवारी दुकान उघडलं की दुरुस्तीच्या टेबलावर मॅगझिनं येऊन पडतात. 6 मिलिमीटरच्या प्लास्टिक गोळ्या उडवणारं हे खेळातलं पिस्तूल. त्याच्या मुठीत सरकणाऱ्या मॅगझीनमध्ये गोळ्या असतात आणि त्याच्या पोकळ पोटात गॅस. गळतो तो हा गॅस. त्यात फेब्रुवारीची थंडी. ‘ग्रीन गॅस’ म्हणजे मुळात प्रोपेन आणि थोडं सिलिकॉन तेल. 20 अंश सेल्सिअसला प्रोपेनचा दाब साधारण 8.4 बार असतो, शून्य अंशाला तो 4.7च्या आसपास उतरतो. थंडीत रबरी ओ-रिंगा आकसून कडक होतात आणि उन्हाळ्यात धड असलेलं मॅगझीन फुसफुसायला लागतं. म्हणून बाहेरून आलेलं मॅगझीन तासभर खोलीत ठेवल्याशिवाय मी त्याला हात लावत नाही. काहींची गळती तेवढ्यानेच थांबते.

10 : खिडकी उघडी, डोळ्यांवर चष्मा, आसपास ज्योत किंवा ठिणगी नाही. या गॅसला घरच्या सिलिंडरसारखा वास सहसा नसतो, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवता येत नाही. गोळ्या काढतो, मॅगझीन उलटं धरून त्यावर डबा उलटा दाबतो. द्रवरूप गॅस आत उतरतो. मग काचेच्या भांड्यात कोमट पाण्यात बुडवतो. घरी सिलिंडर बदलल्यावर रेग्युलेटरला साबणाचा फेस लावून बघतात, तसंच हे. पाणी हाताला जेमतेम ऊब लागेल इतकंच हवं. गरम पाण्याने आतला दाब धोकादायक वाढतो.

आता नुसतं बघत बसायचं. तळाच्या व्हॉल्व्हमधून बुडबुडे आले तर भरायच्या व्हॉल्व्हची रिंग गेली. तळपट्टीच्या कडेने बारीक माळ निघाली तर गॅस्केट. मागच्या बाजूला वर, जिथे हातोडी आपटते तो सोडायचा व्हॉल्व्ह जास्त बारकाईने बघावा लागतो. बुडबुडे आट्यांच्या कडेने आले तर बाहेरची रिंग, मधल्या दांड्यापासून आले तर आतली. बुडबुडा कुठून निघतो हे कळेपर्यंत पाना उचलू नये, यावर मी ठाम आहे. लोक दोन्ही व्हॉल्व्ह बदलून मोकळे होतात, आणि गळती गॅस्केटची निघते.

11:30 : लेस्टरला शिकणारा एक नागपूरचा मुलगा आला. “काका, रात्री भरलं की सकाळी रिकामं. गंज सोडवायचा स्प्रे मारून पाहिला.” मी म्हटलं, “अरे बाबा, तो यात कधीच मारू नकोस. त्यातला द्रावक आतलं सिलिकॉन धुऊन नेतो, काही जातीचं रबर फुगवतो.” त्याच्यासमोरच उरलेला गॅस पूर्ण सोडला, कारण दाब असताना व्हॉल्व्ह उकलला तर तो उडून डोळ्यात जाऊ शकतो. दोन दातांच्या चावीने सोडायचा व्हॉल्व्ह काढला. आतल्या रिंगेला केसाएवढी चीर होती, भिंगाखाली स्पष्ट दिसली. रिंग दोन बोटांत ताणली तेव्हा चीर उघडली. त्याने व्हॉल्व्हचा अख्खा नवा जोड घ्यायचं ठरवलं होतं. मी त्याच मापाची नायट्राइल रबराची रिंग बसवली. सिलिकॉन रबराची रिंग इथे चालत नाही, सिलिकॉन तेलानेच ती फुगते.

1 : जेवण. त्याआधी हात साबणाने दोनदा.

2 ते 4 : उरलेली कामं. खाचा कापडाने पुसायच्या, रिंगांना सिलिकॉन तेलाचा हात द्यायचा, व्हॉल्व्ह हाताने आट्या जुळवून मगच चावीने आवळायचा. फार आवळला तर रिंग चिरडते. एका मॅगझीनच्या मात्र जस्ताच्या ओतीव अंगातूनच बुडबुडे येत होते. त्याला इलाज नाही. चिकटपट्ट्या आणि गोंद लावून दाबाखालचं भांडं वापरू नये. मालकाला तसं सरळ सांगितलं.

4:30 : दुरुस्त झालेली मॅगझिनं वेगमापकावर. 0.2 ग्रॅमची गोळी सेकंदाला 300 फुटांवर गेली तर सुमारे 0.84 जूल होतात. इथल्या कायद्यात एकेक गोळी झाडणाऱ्या एअरसॉफ्टला मर्यादा 2.5 जूलची आहे, त्यामुळे काळजी नाही.

5:30 : पुन्हा पाण्याची चाचणी, मग पुसून कोरडं, नाहीतर आतली पोलादी स्प्रिंग गंजते. परत देताना प्रत्येकाला एकच विनंती करतो, तीच तुम्हालाही : खेळ संपला म्हणून मॅगझीन पूर्ण रिकामं करून ठेवू नका. थोडा गॅस आत राहू द्या, म्हणजे रिंगा आपापल्या जागी दाबलेल्या राहतात. आणि महिन्या-दोन महिन्यांनी व्हॉल्व्हमध्ये सिलिकॉन तेलाचे दोन थेंब सोडा.