सामायिक हत्यारांची पेटी

दाराची झडप जोडायची आहे. सांध्यांना सरस लावला. आता सरस वाळेपर्यंत झडप घट्ट दाबून धरली पाहिजे. त्याला लांब शिकंजे लागतात, आणि एकाने भागत नाही, तीन-चार तरी हवेत. पण असे काम वर्षातून किती वेळा निघते? आठ-दहा वेळा. एरवी शिकंजे भिंतीला टांगलेलेच. गावात दहा जण लाकूडकाम करणारे असतील, तर दहा घरी शिकंजे टांगून ठेवण्यात काय हशील?

त्यापेक्षा दहा जणांनी मिळून एक मंडळ करावे आणि हत्यारांची एक पेटी ठेवावी. ज्याला गरज पडेल त्याने हत्यार न्यावे, काम झाले की परत आणावे. वाचनालयातून आपण पुस्तक आणतो ना, तसेच हे. अमेरिकेत बर्कले नावाचे शहर आहे. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाने १९७९ साली पुस्तकांसारखीच हत्यारेही घरी न्यायला देणे सुरू केले.

मात्र सगळीच हत्यारे पेटीत घालू नका. रंधा, पटाशी, वाकस, गुण्या, हातोडी ही ज्याची त्याच्याजवळच बरी. ती रोज लागतात. शिवाय रंध्याचे पाते किती बाहेर ठेवायचे, पटाशीला धार कशी लावायची, हे ज्याच्या त्याच्या हातावर असते. जुना सुतार आपली पटाशी कुणाला देत नाही, तो काही कद्रूपणा नव्हे. पेटीत ठेवायचे ते महाग आणि क्वचित लागणारे. लांब शिकंजे, मोठे गिरमिट, विजेचा रंधा, विजेची करवत, एवढे पुष्कळ झाले.

आता पैसा. समजा, दहा जणांनी हजार-हजार रुपये घातले. दहा हजार जमले. खरेदी आठ हजारांचीच करा. दोन हजार मागे ठेवा. पाते झिजते, वायर तुटते, तेव्हा पुन्हा वर्गणी मागायला गेलात तर कोणी दार उघडणार नाही! हत्यार नेणाऱ्याकडून दिवसाला दहा-वीस रुपये घ्यावेत. त्यातून धारेचा आणि दुरुस्तीचा खर्च भागतो.

२०२३ साली केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात सुतारांना हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली आहे. त्याची चौकशी ग्रामपंचायतीत करा. पण ही मदत त्या कारागिराची स्वतःची. तिच्यातून घेतलेली हत्यारे मंडळाने मागू नयेत.

खरी अडचण पुढेच आहे. हे बोलणे ऐका.

"आबा, मी करवत चांगली आणून दिली होती."

"चांगली कुठली रे? निम्मे दात गेलेत की!"

"मग माझ्या आधी ज्यानं नेली त्यानं घालवले असतील. मला काय ठाऊक?"

असे एकदा सुरू झाले की पेटी मोडलीच म्हणून समजा. दहा जण एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. आणि गावात तर रोज तोंडे दिसतात.

यावर एकच उपाय, वही. प्रत्येक हत्यारावर रंगाने आकडा घाला. वहीत रकाने पाडा: हत्याराचा आकडा, नेणाऱ्याचे नाव, नेल्याची तारीख, नेताना कसे होते, कधी आणणार, आणल्याची तारीख, आणताना कसे होते, सही. "कसे होते" हा रकाना दोनदा आहे, तो उगीच नाही. "धार आहे", "धार गेली", "दात तुटला", इतकेच तिथे लिहायचे. हे तुम्हाला आता लिहिता येते. मग अंगठा उठवू नका, सही करा. आणि सही करण्याआधी रकान्यात काय लिहिले आहे ते स्वतः वाचा. पेटी सांभाळणारा कितीही भला माणूस असला तरी वाचा.

मोडतोडीचे भरून कोणी द्यायचे? पाते वापरून झिजले तर मंडळाने द्यावे. जुन्या लाकडातला खिळा न काढता करवत चालवली आणि दात उडाले, तर नेणाऱ्याने द्यावे. जुन्या वाशात, फळ्यांत खिळे दडलेले असतात. आधी लाकडावरून लोहचुंबक फिरवून पहा.

करवतीचे दात घासण्याचे काम ज्याला येते त्यानेच करावे. शिकाऊ माणसाने कानस मारली तर दात लहान-मोठे होतात, आणि करवत एका बाजूला ओढू लागते. गावातल्या जाणत्या सुताराला हे काम द्या, आणि त्याचे पैसे द्या. "तुम्ही आमचेच की," असे म्हणून फुकट करून घेऊ नका.

विजेच्या करवतीचा नियम कडक हवा. जो मंडळासमोर ती चालवून दाखवील त्यालाच द्यावी. डोळ्यांवर चष्मा हवा. गळ्यात उपरणे नको, सैल बाह्या नकोत. पाते बदलताना आधी पिन काढायची. नातेवाईक असला, पाटील असला, तरी सूट नाही.

पावसाळ्यात लोखंडाला गंज धरतो. आलेले हत्यार पुसून, तेलाचा हात देऊन ठेवावे. पेटी जमिनीला टेकवू नका, खाली दोन फळकुटे घाला.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतोच. त्या दिवशी सगळी हत्यारे परत आलीच पाहिजेत, असा नियम करा. सगळ्यांसमोर मोजणी होते, वही वाचली जाते, पुढच्या वर्षी काय घ्यायचे तेही ठरते.

आणि पुढे-मागे मंडळ बंद पडले तर हत्यारे कुणाची? हे पहिल्याच बैठकीत ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. खाली दहाही जणांच्या सह्या घ्या.