एनडीआरएफ येईल, पण सगळ्यात शेवटी

प्रवरेला पाणी आलं, सीना फुगली, कुठे विहिरीचा कठडा ढासळला की आमच्या नगर जिल्ह्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘एनडीआरएफ बोलवा ना!’ त्याला अस्सल नगरी जोड असते, ‘आणि आपल्याकडे तर मिलिटरीच आहे.’ वाक्य बोलून झालं की बोलणारा निवांत होतो. दुसऱ्या दिवशी नारिंगी कपड्यातले जवान दिसले नाहीत, तर ‘शासन झोपलंय’ असा निकालही तोच देतो.

शासनाला जरूर धारेवर धरा, पण नेमकं कुणाला धरायचं हे तरी माहीत असू द्या.

मुख्य गैरसमज : आपत्ती व्यवस्थापन म्हणजे एनडीआरएफ, आणि ते दिल्लीहून चालतं

सगळा कारभार आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ या कायद्यावर उभा आहे. त्यात तीन पातळ्यांवर प्राधिकरणं आहेत. राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याचे मुख्यमंत्री आणि जिल्ह्याचे जिल्हाधिकारी. राष्ट्रीय प्राधिकरण धोरण ठरवतं, मार्गदर्शक सूचना काढतं. राहुरीत कुणाच्या छपरावर कोण अडकलंय हे बघणं त्याचं काम नाही. ते काम जिल्हा प्राधिकरणाचं. कलम २५ प्रमाणे जिल्हा परिषदेचे अध्यक्ष त्याचे सहअध्यक्ष असतात, पोलिस अधीक्षक आणि आरोग्य खात्याचे जिल्ह्याचे प्रमुख सदस्य असतात. कलम ३१ प्रमाणे जिल्ह्याचा आराखडा हवा आणि दरवर्षी त्याचा आढावा घेऊन तो अद्ययावत करायला हवा. कलम ३४ प्रमाणे आपत्तीच्या वेळी कुठल्याही सरकारी खात्याकडची साधनं वापरण्याचे आदेश हे प्राधिकरण देऊ शकतं. जेसीबी सार्वजनिक बांधकामचा, रुग्णवाहिका आरोग्याची, बोट नगरपालिकेची असली, तरी त्या वेळी हुकूम एकाच ठिकाणाहून सुटतो.

एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, या रचनेत विशेष कामासाठी आहे. कोसळलेल्या इमारतीखालून माणूस काढणं, मोठ्या पुरातून शेकडो लोक हलवणं, रासायनिक गळती. देशात तिच्या १६ बटालियन आहेत. आपल्यासाठीची पाचवी बटालियन मावळात, तळेगावजवळच्या सुदुंबऱ्याला आहे. तिथून नगर शहर शंभर किलोमीटरहून लांब. हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटरचा. अकोले ते जामखेड जायलाच चार-पाच तास मोडतात, तेही रस्ता कोरडा असेल तर. बुडणाऱ्या माणसाकडे मात्र मिनिटं असतात.

राज्याचं आपत्ती प्रतिसाद दल धुळे आणि नागपूरला आहे. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यातल्या सुगावला प्रवरेत दोन तरुण बुडाले. धुळ्याची तुकडी दुसऱ्या दिवशी शोधाला उतरली आणि भोवऱ्यात बोट उलटून दलाच्या तीन जवानांचाच जीव गेला. प्रशिक्षण घेतलेल्या माणसांचंही नदीपुढे काही चाललं नाही. आणि एवढ्या लांबून धावून आलेली तुकडी बहुतेकदा शोधासाठी पोहोचते, वाचवण्याची वेळ तोवर टळलेली असते.

६ नोव्हेंबर २०२१ ला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि किमान ११ रुग्ण गेले. तिथे कुठलं दल वेळेत पोहोचणार होतं? अशा ठिकाणी आधीची तपासणी, सुटकेची वाट आणि हाताशी असलेली माणसं, एवढंच कामाला येतं.

राहिली मिलिटरी. नगरला चिलखती दलाचं केंद्र आहे, यांत्रिकी पायदळाचं आहे, ही अभिमानाची गोष्ट. पण लष्कर मुलकी प्रशासनाच्या मागणीवर येतं, आणि मागणी तेव्हा होते जेव्हा स्थानिक यंत्रणा पुरी पडत नाही. तो नेहमीचा बंदोबस्त नव्हे.

मग पहिलं कोण? जिल्ह्याची आणि गावाची यंत्रणाच. ती चालताना बघायची असेल तर गोदावरीचा पूर घ्या. पाऊस पडतो नाशकात. गंगापूर, दारणा ही धरणं भरतात, पाणी नांदूर मधमेश्वर बंधाऱ्याशी येतं आणि तिथून सुटलेला विसर्ग कोपरगावला भिडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये हा विसर्ग अडीच लाख क्युसेकच्या वर गेला होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. गुणाकार तुम्हीच करा. बंधाऱ्यावरचा अभियंता आकडा कळवतो. तो जिल्हा नियंत्रण कक्षात येतो, तिथून तहसीलदार, मग तलाठी, ग्रामसेवक, पोलिस पाटील, कोतवाल. शेवटी मंदिराचा भोंगा आणि गावचा व्हॉट्सॲप गट. संदेश ठरलेला असतो : नदीकाठच्यांनी सतर्क राहावे, जनावरे, विद्युत मोटारी सुरक्षित स्थळी हलवाव्यात. पाणी पोहोचायला काही तास लागतात आणि सगळा खेळ त्या तासांचा असतो.

इथेच आपण माती खातो. संदेश वाचून पुढे ढकलतो आणि मोटर काढायला जातो तेव्हा पाणी कमरेला आलेलं असतं. मग म्हणायचं, ‘एनडीआरएफ बोलवा.’

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

‘धरणाचं पाणी न सांगता सोडतात.’ विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि आकडे कळवतात. कुठे साखळी तुटली असेल तर ती कोणत्या कडीला तुटली ते विचारा, जाब द्यायला माणूस सापडतो.

‘रेड अलर्ट होता आणि आमच्याकडे ऊन पडलं.’ इशारा जिल्ह्याचा असतो. घाटघर-रतनवाडीला धो धो कोसळताना कर्जतला धूळ उडू शकते.

‘दुष्काळ ही काही आपत्ती नव्हे.’ केंद्राच्या मदतीच्या यादीत पूर, भूकंपाच्या बरोबरीने दुष्काळ आहे, गारपीटही आहे.

‘वीज पडून मेला तर काही मिळत नाही.’ राज्याने वीज पडणं आपत्ती मानलं आहे. वारसाला ४ लाख रुपये मिळतात. शवविच्छेदन आणि पंचनामा चुकवू नका.

‘धरण फुटलंय असा मेसेज पुढे पाठवला तर काय बिघडलं?’ घबराट पसरवणारा खोटा इशारा दिल्यास याच कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

दर मे महिन्यात मान्सूनपूर्व बैठका होतात, फोटो छापून येतात आणि विषय संपतो. तो संपू देऊ नका. येत्या ग्रामसभेत चार प्रश्न विचारा : आपल्या गावाचा आपत्ती आराखडा कुठे आहे, पूररेषेत घरं किती, पोहणारी माणसं आणि दोर कुणाकडे, आणि रात्री दोनला इशारा आला तर भोंगा कोण लावणार? जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. तो आज मोबाइलमध्ये घाला, आणि नदीकाठची मोटर पहिल्या इशाऱ्यालाच वर घ्या.