मामांचा कॉम्प्युटर आणि सतरा बिऱ्हाडं

सांगलीचे माझे मामा सकाळी आधी कॉम्प्युटर लावतात आणि मग अंघोळीला जातात. बटण दाबायचं, टॉवेल खांद्यावर टाकायचा आणि न्हाणीकडे वळायचं. अंघोळ, पूजा, तुळशीला पाणी, एवढं उरकून ते खुर्चीत बसतात, तेव्हा यंत्र नुकतंच माणसात आलेलं असतं. गेल्या सुट्टीत गेलो तर म्हणाले, "दुकानवाला म्हणतो, नवीनच घ्या आता. तू एकदा बघ बरं."

घड्याळ लावून बघितलं. बटण दाबल्यापासून पडद्यावर आयकॉन दिसेपर्यंत सव्वा मिनिट. नऊ वर्षांच्या यंत्राला हे शोभेलसंच होतं. पण आयकॉन दिसल्यावर मामांची हिशेबाची फाइल उघडायला आणखी पाच मिनिटं लागली. टिचकी मारली तरी हालचाल नाही, आणि डब्यावरचा लाल दिवा एकसारखा लुकलुकतोय. दुखणं सव्वा मिनिटात नव्हतं, या पाच मिनिटांत होतं. त्या वेळात विंडोज स्वतःचं काम संपवून बसलेलं असतं आणि बाकीची मंडळी दारातून आत घुसत असतात.

ही मंडळी कोण, ते बघायला कुठलाही खास प्रोग्रॅम लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. तो आखूड दिसला तर खालच्या 'मोर डिटेल्स'वर टिचकी मारायची. त्यात 'स्टार्टअप' नावाचं पान आहे. विंडोज ११ मध्ये ते डावीकडच्या पट्टीत 'स्टार्टअप अ‍ॅप्स' या नावानं असतं. २०१२ साली विंडोज ८ बरोबर हे पान टास्क मॅनेजरमध्ये आलं. त्याआधी 'एमएस-कॉन्फिग' नावाच्या खिडकीत शिरावं लागे, आणि तिचं नाव ठाऊक असणारा माणूस गल्लीत एखादाच.

मामांच्या यादीत सतरा नावं होती. ती वाचताना घराची नऊ वर्षं समोरून गेली. भंगारात जाऊन दोन वर्षं झालेल्या प्रिंटरचा मदतनीस होता; तो रोज सकाळी उठून त्या प्रिंटरची शाई किती उरली ते विचारत होता. विकून टाकलेल्या मोबाइलचे फोटो उतरवून घेणारा एक होता. करोनाच्या काळात नातवाची शाळा या कॉम्प्युटरवर भरत असे, तिचा मीटिंगचा प्रोग्रॅम अजून हजेरी लावत होता. नातू आता कॉलेजात आहे. त्याच नातवाच्या कुठल्याशा गेमचा रखवालदार होता. पीडीएफ वाचायचे दोन वेगवेगळे प्रोग्रॅम आणि त्या दोघांचे 'नवीन आवृत्ती आली का' विचारणारे दोन निरोपे. पागडीच्या वाड्यात मूळ भाडेकरू कधीच निघून गेलेला असतो, पण खोलीला कुलूप त्याचंच असतं, तसा प्रकार.

आणि एका ओळीवर नुसतंच लिहिलं होतं, 'प्रोग्रॅम'. आयकॉन नाही, कंपनीचं नाव नाही. मामा घाबरले. "हा व्हायरस काय रे?" असल्या वेळी यादीच्या मथळ्यावर माउसचं उजवं बटण दाबून 'कमांड लाइन' हा रकाना उघडायचा, म्हणजे ती ओळ कुठल्या फाइलला हाक मारते ते दिसतं. इथं ती कधीच काढून टाकलेल्या एका प्रोग्रॅमला हाक मारत होती. फाइल गेली, पाटी उरली. पत्ता 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरपासून सुरू होतो, मध्ये मोकळी जागा आहे आणि पत्त्याला अवतरणचिन्हं नाहीत, म्हणून विंडोजनं पहिला शब्द तेवढा नाव म्हणून उचलला. भुताच्या बऱ्याचशा गोष्टी अशाच असतात.

यादीत 'स्टार्टअप इम्पॅक्ट' असा एक रकाना असतो. त्यात 'हाय' लिहिलं असेल, तर त्या प्रोग्रॅमनं सुरू होताना प्रोसेसरचा एका सेकंदाहून जास्त वेळ खाल्ला किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त वाचलं-लिहिलं, असा अर्थ. दोन्ही गोष्टी ३०० मिलिसेकंद आणि ३०० केबीच्या आत राहिल्या तर 'लो'. मधलं सगळं 'मीडियम'. वाचायला हे आकडे किरकोळ वाटतात. एक सेकंद म्हणजे काय मोठंसं? पण मामांच्या डब्यात जुनी फिरती हार्डडिस्क आहे. तिची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते आणि वाचणारा हात एकच. हव्या त्या जागी हात न्यायचा आणि हवा तो भाग फिरून खाली येईपर्यंत थांबायचं, यात दर खेपेला दहा-बारा मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेलं वाचायचं तर सेकंदाला जेमतेम शंभर खेपा. सतरा जण एकदम 'माझं आधी' म्हणून ओरडू लागले की तो एकटा हात इकडून तिकडे धावत राहतो. गिरणीत एकच जातं आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्याची गर्दी.

एसएसडी नावाच्या नव्या डिस्कला हलणारा हातच नसतो, म्हणून तिथं हा फरक डोळ्यांत भरत नाही. नवीन लॅपटॉप घेतलेले लोक आपल्याकडे असलं काही नाहीच म्हणतात. असतं, दिसत नाही एवढंच. आत आलेला प्रत्येक जण मेमरीत पाय पसरून बसतो आणि लॅपटॉपची बॅटरी पीत राहतो.

एवढी बिऱ्हाडं येतात कुठून? आपणच बोलावतो. प्रोग्रॅम टाकताना 'नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री' अशी टिचक्यांची माळ ओढताना एका चौकोनात आधीपासून बरोबरची खूण असते, ती कोण वाचतो? मूळ सोय मात्र भल्या हेतूची आहे. विंडोजआधीच्या डॉसच्या जमान्यात 'ऑटोएक्झेक' नावाच्या छोट्या फाइलमध्ये, यंत्र लागताच काय काय चालवायचं ते आपण स्वतः ओळीनं लिहीत असू. मेमरी ६४० केबी, त्यामुळे पाहुणा तोलूनमापून बोलवायचा. १९९५ साली विंडोज ९५ आलं आणि ही यादी रजिस्ट्री नावाच्या विंडोजच्या नोंदवहीच्या पोटात गेली. तिथल्या 'रन' नावाच्या कप्प्यात कुठलाही प्रोग्रॅम स्वतःचं नाव स्वतःच लिहू शकतो. यजमानाच्या हातातली यादी पाहुण्यांच्या हातात गेली ती तेव्हापासून. आणि प्रत्येक कंपनीला वाटतं, आपला प्रोग्रॅम आधीच जागा असला की हाक मारताच चटकन उठेल. तिचंही खोटं नाही; फक्त बाकीच्या सोळा जणींनाही तसंच वाटतं.

यंत्र सुरू होण्याची घटका साधणारे सगळे इतके साळसूद नसतात. १९९० साली भारतात एक व्हायरस सापडला, त्याचं नाव 'जोशी'. तो फ्लॉपीच्या आणि हार्डडिस्कच्या अगदी पहिल्या भागात बसे, म्हणजे डॉसच्याही आधी जागा होई. एरवी गप्प. ५ जानेवारीला मात्र यंत्र अडवून धरी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करायला लावी. टाइप केलं की सोडून देई. आपल्याकडच्या आडनावानं जगाच्या व्हायरसच्या यादीत मिळवलेली ही जागा. अभिमान धरावा की कसं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पुढचं उदाहरण तर नामवंत घराण्यातलं. सोनी बीएमजीनं गाण्यांच्या काही सीडींमध्ये नक्कल रोखणारा प्रोग्रॅम घातला होता. सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की तो आत बसे, दर वेळी विंडोजबरोबर जागा होई आणि स्वतःला लपवून ठेवी. मार्क रसिनोविच या अमेरिकी प्रोग्रॅमरनं ऑक्टोबर २००५ मध्ये तो उघड्यावर आणला, बोंब झाली आणि कंपनीला त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या. गाणी विकत घेऊन ऐकणाऱ्याच्याच घरी पहारा बसवला होता, हे मला आजही चीड आणतं.

याच रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांचं 'ऑटोरन्स' नावाचं फुकट साधन आहे. पुढे २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्यांची कंपनीच विकत घेतली, त्यामुळे ते आता मायक्रोसॉफ्टकडूनच मिळतं. टास्क मॅनेजर पुढच्या दारातून येणाऱ्यांची नावं दाखवतो. मागच्या दारानं, म्हणजे सर्व्हिसेस, ठरल्या वेळची कामं, ड्रायव्हर, ब्राउझरला चिकटलेले तुकडे यांतून येणाऱ्यांचीही हजेरी ऑटोरन्स घेतं. ते पहिल्यांदा उघडलं की शेकडो ओळी पाहून छाती दडपते. मायक्रोसॉफ्टच्या ओळी लपवायची सोय आहे, ती आधी वापरायची. पिवळी ओळ म्हणजे फाइल गायब, पाटी शिल्लक. मामांचा तो निनावी 'प्रोग्रॅम' तिथं पिवळाच निघाला. पण घरच्या माणसाला इतक्या खोलात जायची गरज क्वचितच पडते, आणि रजिस्ट्रीत हात घालायची तर नाहीच. 'तुमचा पीसी एका टिचकीत वेगवान' म्हणणाऱ्या प्रोग्रॅमांना तर लांबूनच नमस्कार. ते टाकलेत की यादीत अठरावं नाव त्यांचंच.

टास्क मॅनेजरमध्ये नावावर उजवी टिचकी मारून 'डिसेबल' करणं हे त्यामानानं फार सभ्य काम आहे. प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त आपोआप उठत नाही. आपण बोलावलं की येतो. चुकलं तर तिथंच 'एनेबल'. तरी हात आखडता ठेवावा, हे मी एका वाचनालयात शिकलो. तिथला कॉम्प्युटर मंद चालतो म्हणून मी उत्साहानं यादी साफ केली आणि शाबासकी घेऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपालबाईंचा फोन. "अहो, काल तुम्ही काय केलंत? मराठी गेलं!" जुन्या फॉन्टवर मराठी टाइप करून देणारा छोटा प्रोग्रॅम घड्याळाशेजारी बसलेला असे. अनोळखी इंग्रजी आद्याक्षरांचं नाव बघून मी त्याला रजा दिली होती. वार्षिक सभेची नोटीस त्या दिवशी पेनानं लिहून लागली.

तेव्हापासून नाव ओळखीचं नसेल तर आधी चौकशी. ऑनलाइन साठवणीचा प्रोग्रॅम बंद केला तर फोटोंच्या प्रती वर जाणं थांबतं, आणि ते कळतं डिस्क मेल्यावर. सीएच्या कार्यालयात डिजिटल सहीच्या टोकनचा प्रोग्रॅम, सेवा केंद्रात आधारसाठी अंगठा घेणाऱ्या यंत्राची सर्व्हिस यांना हात लावला की बाहेरची रांग तुमच्या नावानं बोटं मोडते. अँटिव्हायरसला तर मुद्दामच सर्वांच्या आधी उठू दिलेलं असतं. या अधिकाराची दुसरी बाजू १९ जुलै २०२४ ला दिसली: क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल पोचली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले. सर्वांच्या आधी उठणाराच आडवा झाला की बाकीच्यांना वाटच उरत नाही. तरीही घरच्या यंत्रावरचा पहारा काढून टाकायचं ते कारण नव्हे.

मामांच्या यादीतली तेरा नावं बंद केली. चार ठेवली: अँटिव्हायरस, आवाजाचा, मराठी टायपिंगचा आणि फोटो वर पाठवणारा. मीटिंगचा प्रोग्रॅम एकदा उघडून त्याच्या स्वतःच्या सेटिंगमधली 'विंडोजबरोबर सुरू हो' ही खूणही काढली, कारण काही जण नवीन आवृत्ती आली की आपलं नाव पुन्हा लिहितात. प्रिंटरचा आणि गेमचा तर मुळापासून अनइन्स्टॉल. मग 'रीस्टार्ट' दिलं. 'शट डाउन'नं खरी परीक्षा होत नाही. विंडोज ८ पासून बऱ्याच यंत्रांवर शट डाउन म्हणजे निम्मी झोप असते, गाभा डिस्कवर जपून ठेवलेला असतो.

सव्वा मिनिट तसंच राहिलं. पुढची पाच मिनिटं चाळीस सेकंदांवर आली. मामा टॉवेल खांद्यावर टाकून उभेच होते. "झालं?" म्हणाले. मग खुर्चीत बसून त्यांनी हिशेबाची फाइल उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मामी आतून म्हणाल्या, "पाणी तापलंय कधीचं."

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "अरे, ते चार होते ना? आता पाच दिसतायत."

"काही नवीन टाकलंत का, मामा?"

"छे, काही नाही. तो पत्रिका जुळवायचा तेवढा. फुकट होता."